बायका मोजल्या, पण कोणत्या बायका?

कलेला जात नसते, कलेला लिंग नसते, कलेला फक्त दर्जा असतो, असे आपल्याला शाळेपासून ऐकवले जाते. हे ऐकवणाऱ्याला एकच विनंती करावी. संग्रहालयाच्या भिंतींवर ज्यांची चित्रे टांगली आहेत त्यांची नावे मोजून दाखवा. तिथे कोण आहे आणि कोण नाही, एवढेच सांगा. दर्जाची चर्चा आपण त्यानंतर करू.

न्यूयॉर्कमधल्या काही स्त्री कलाकारांनी १९८५ साली नेमके हेच केले. आदल्या वर्षी तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जगातल्या समकालीन चित्र-शिल्पकलेचा आढावा म्हणून एक मोठे प्रदर्शन भरवले होते. या स्त्रियांच्या मोजणीनुसार त्यात १६९ कलाकार होते आणि त्यातल्या स्त्रिया होत्या १३. गोरे नसलेले कलाकार त्याहूनही कमी. संग्रहालयाबाहेर निदर्शने झाली, पण येणारे-जाणारे फलक न वाचताच आत जात होते. मग काही जणींनी ठरवले की आता विनंत्या पुरे, आता आकडे भिंतीवर चिकटवायचे. त्यांनी स्वतःला ‘गोरिला गर्ल्स’ म्हणवून घेतले. इंग्रजीत गनिमी लढवय्या आणि गोरिला माकड या दोन शब्दांचा उच्चार जवळपास एकच आहे, म्हणून तोंडावर गोरिलाचा मुखवटा आणि पद्धत गनिमी काव्याची. स्वतःची नावे लपवून त्यांनी फ्रिडा काहलो, केथे कोलविट्झ अशा दिवंगत स्त्री कलाकारांची नावे धारण केली, कारण उघडपणे बोलणारीला पुढे कुठलीच गॅलरी दारात उभी करणार नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्यांच्या सुरुवातीच्या एका पोस्टरवर फक्त एक प्रश्न आणि चार आकडे होते. गेल्या वर्षी न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत किती स्त्रियांची एकल प्रदर्शने झाली? गुगेनहाइम शून्य, मेट्रोपॉलिटन शून्य, व्हिटनी शून्य, मॉडर्न एक. १९८९ साली त्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये शिरल्या आणि दालनादालनांतून मोजत फिरल्या. आधुनिक कलेच्या विभागात स्त्री कलाकार पाच टक्क्यांहून कमी होत्या, पण नग्नचित्रांमधल्या देहांपैकी ८५ टक्के देह स्त्रियांचे होते. मेट्रोपॉलिटनमध्ये शिरण्यासाठी बाईला नागडेच व्हावे लागते का, असा सवाल त्यांनी पोस्टरवर छापला. सार्वजनिक कलेसाठी काम करणाऱ्या ज्या संस्थेने त्यांच्याकडून हे काम मागवले होते, तिनेच ते नाकारले. मग त्यांनी स्वखर्चाने शहराच्या बसवर जाहिरातीची जागा घेतली. काही दिवसांनी बस कंपनीनेही ती जागा काढून घेतली. भिंतीवर नागडा देह चालतो, त्या देहाबद्दलचा प्रश्न मात्र अश्लील ठरतो!

पुढे काय झाले? २००५ च्या सुमारास त्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा स्त्री कलाकार तीन टक्क्यांहूनही कमी निघाल्या. २०१२ साली चार टक्क्यांहून कमी. म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ जगभर या पोस्टरचे कौतुक झाले, ते पोस्टर स्वतः संग्रहालयांनी विकत घेतले, आणि भिंत होती तिथेच राहिली. प्रस्थापित व्यवस्था टीकेला पचवते कशी, हे इथून शिकावे. ती टीकेला फ्रेम करते, खिळ्यावर टांगते आणि तिकीट लावते.

तरीही मोजणे हे हत्यार आहेच. आपल्याला ते नवे नाही. बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष दिली ती प्रतिनिधित्वाच्या प्रश्नावर. कोणत्या समाजाचे किती लोक आहेत आणि कायदेमंडळात त्यांचे किती, हा हिशेब त्यांनी पुढे जवळपास प्रत्येक व्यासपीठावर मागितला. वर्चस्व नेहमी गुणवत्तेची भाषा बोलते, कारण गुणवत्ता मोजता येत नाही, ती फक्त ठरवता येते, आणि ठरवणारे तेच असतात. आकडा मात्र कुणाच्या अभिरुचीवर अवलंबून नसतो. म्हणून आकडा त्यांना टोचतो.

पण मोजणी सुरू झाली की पुढचा प्रश्न येतो. बायका मोजल्या, पण कोणत्या बायका? या प्रश्नाशिवाय हा इतिहास अर्धाच राहतो.

गोरिला गर्ल्सच्या पंधरा वर्षे आधी, १९७० साली, न्यूयॉर्कमध्येच फेथ रिंगगोल्ड नावाची एक काळी चित्रकर्ती रस्त्यावर उतरली होती. हार्लेममध्ये १९३० साली जन्मलेली ही बाई शिकायला गेली तेव्हा सिटी कॉलेजमध्ये मुलींना कला हा विषय थेट घेता येत नव्हता. शिक्षिका होण्याच्या अभ्यासक्रमात नाव घालून तिने तो मागच्या दाराने घेतला. व्हिटनी संग्रहालयाच्या १९६९ च्या वार्षिक प्रदर्शनात १४३ कलाकारांपैकी स्त्रिया होत्या ८. रिंगगोल्ड, लेखिका लुसी लिपार्ड आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी पुढच्या प्रदर्शनासाठी मागणी केली: पन्नास टक्के स्त्रिया. यंदा निम्म्या कलाकार स्त्रिया असतील, असे संग्रहालयाच्या नावाचे खोटे प्रसिद्धीपत्रक त्यांनी वाटले. दालनांत ‘५०’ लिहिलेली अंडी ठेवली, शिट्ट्या फुंकल्या. त्या वर्षी स्त्रियांचा वाटा वीस टक्क्यांच्या वर गेला. पण रिंगगोल्डने तेवढ्यावर समाधान मानले नाही. काळ्या स्त्रिया कुठे आहेत, हा तिचा हट्ट होता. बेटी सार आणि बार्बरा चेस-रिबू या दोन काळ्या शिल्पकर्ती त्या प्रदर्शनात आल्या, त्यामागे हा हट्ट होता.

आरक्षणाच्या वादात वाढलेल्या आपल्या पिढीला ही गोष्ट ओळखीची वाटेल. पन्नास टक्के म्हटले की लगेच विचारले जाते, मग दर्जाचे काय? आठ स्त्रियांच्या वेळी कुणी विचारले नव्हते की उरलेल्या १३५ पुरुषांच्या दर्जाचे काय. त्यांचे शंभर टक्क्यांच्या जवळपासचे आरक्षण कुठल्या कायद्यात लिहिलेले नव्हते, म्हणून त्याला गुणवत्ता म्हणत. आणि जो दर्जा एका वर्षात आठ स्त्रियांत दिसतो आणि शिट्ट्या वाजल्यावर कितीतरी जास्त स्त्रियांत दिसू लागतो, तो दर्जा होता की पहारा?

त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग आपल्या परिवर्तनवादी मित्रांनी नीट वाचावा. व्हिएतनाम युद्ध, वंशवाद आणि स्त्रियांचे दमन यांच्या निषेधार्थ अमेरिकेतल्या नामवंत कलाकारांनी व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनातून आपली चित्रे मागे घेतली आणि न्यूयॉर्कमध्ये पर्यायी प्रदर्शन भरवायचे ठरवले. हेतू थोर होता. पण यादी पाहिली तर नावे पुन्हा गोऱ्या पुरुषांचीच. रिंगगोल्ड आणि तिची १८ वर्षांची मुलगी मिशेल वॉलेस यांनी एक संघटना उभी केली आणि या पुरोगामी मंडळींसमोर जाऊन मागणी ठेवली: निम्म्या स्त्रिया, आणि त्यात निम्मे काळे कलाकार. आयोजकांना प्रदर्शन खुले करावे लागले. वंशवादाविरुद्धचे प्रदर्शन गोऱ्यांचे आणि स्त्री-दमनाविरुद्धचे प्रदर्शन पुरुषांचे, हे त्या मंडळींना विसंगत वाटलेच नव्हते. ज्याला जागा कायम मिळत आली, त्याला रिकाम्या खुर्च्या दिसत नाहीत.

गोऱ्या स्त्रियांच्या चळवळीतही हेच घडत होते. हॉवर्डिना पिंडेल ही काळी चित्रकर्ती म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये बारा वर्षे नोकरीला होती. १९७२ साली स्त्रियांनी स्त्रियांसाठी काढलेल्या ए.आय.आर. गॅलरीच्या वीस संस्थापकांत ती होती, आणि त्यांत काळी ती एकटीच. वीस स्त्रियांची गॅलरी ही मोठीच क्रांती होती. पण वंशाचा विषय काढला की आत्ता नको, आधी स्त्रियांचे बघू, असेच उत्तर मिळायचे. १९८७ साली तिने न्यूयॉर्कच्या गॅलऱ्या आणि संग्रहालयांची नोंदवहीच मांडली. कुणाच्या यादीत किती गोरे आणि किती इतर, असा तो हिशेब होता. कितीतरी गॅलऱ्यांच्या यादीत गोऱ्यांशिवाय कुणीच नव्हते. हा हिशेब तिने नाव उघड ठेवून मांडला, आणि एका बाईने एकटीने तो मांडणे किती महागात पडू शकते हे ठाऊक असून मांडला.

गोरिला गर्ल्सना हे अगदीच दिसत नव्हते असे नाही. १९८६ च्या त्यांच्या एका पोस्टरनुसार न्यूयॉर्कमध्ये फक्त चार व्यावसायिक गॅलऱ्या काळ्या स्त्रियांची कला दाखवत होत्या, आणि एकीहून अधिक जणींची दाखवणारी गॅलरी एकच होती. त्यांच्या कामाचे हे मोल मान्य केलेच पाहिजे. पण त्यांच्या मुखवट्याचा विचार करा. गोऱ्या स्त्रीने माकडाचा मुखवटा घातला तर ती गंमत होते, लोक थबकतात, हसतात, पोस्टर वाचतात. ज्या समाजाला शतकानुशतके माकड म्हणून हिणवले, त्या समाजातल्या स्त्रीने तोच मुखवटा घातला तर? तिच्यासाठी तो मुखवटा नसून जुनी शिवी आहे. नाव लपवण्याचेही तसेच. ज्यांचे नाव कधीतरी लिहिले जाण्याची शक्यता आहे, त्यांना नाव लपवण्यात संरक्षण मिळते. ज्यांची नावे इतिहासाने लिहिलीच नाहीत, त्यांच्यासाठी निनावी राहणे हे हत्यार होऊ शकत नाही. ती त्यांची रोजचीच शिक्षा असते. एकच डावपेच सगळ्या स्त्रियांना सारखा लागू पडत नाही, तो इथे.

रिंगगोल्डच्या कामातली आणखी एक गोष्ट आपल्या घराशी येऊन भिडते. तिने कॅनव्हास आणि चौकट सोडून गोधडी हाती घेतली. तिची आई, विली पोसी, कपडे शिवणारी, पोशाख घडवणारी बाई. तिच्या घराण्यातल्या गुलाम स्त्रिया मालकांसाठी गोधड्या शिवत. १९८० साली मायलेकींनी मिळून एक गोधडी केली आणि १९८३ पासून रिंगगोल्ड गोधडीवर चित्र आणि मजकूर मिळून गोष्ट सांगू लागली. संग्रहालयांच्या व्यवहारात गोधडी म्हणजे हस्तकला, बायकांचे काम. चित्र म्हणजे कला. ही वर्गवारी आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. चातुर्वर्ण्याने श्रमाचीच नव्हे तर श्रमिकांची विभागणी केली, हे बाबासाहेबांचे सूत्र आपण पाठ म्हणतो. कलेच्या जगातही तेच सूत्र चालते. कातडे कमावणारा, मडके घडवणारा, टोपली विणणारी, वाकळ शिवणारी हे कारागीर. त्यांच्या वस्तूंवर नाव नसते. कलाकार म्हणजे ज्याची सही चालते तो. रिंगगोल्डने १९६७ साली रंगवलेले वंशदंगलीचे प्रचंड चित्र म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने विकत घेतले ते २०१६ साली, म्हणजे ४९ वर्षांनी. २०१९ साली ते पिकासोच्या प्रसिद्ध चित्राशेजारी टांगले गेले. तोवर ती नव्वदीला आली होती. दर्जा तोच होता, रंग तेच होते, उशीर कुणामुळे झाला?

या न्यूयॉर्कशी आपले नाते जुने आहे. हार्लेमला लागून असलेल्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये जातीवरचा आपला निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीची भिंत टिकवण्यासाठी उभ्या राहिल्या, हे त्यात त्यांनी दाखवले. जात आणि स्त्रीचा देह यांचा संबंध सांगणारी ही मांडणी पुढच्या स्त्रीवादाच्या कितीतरी आधीची. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. तेव्हा रिंगगोल्डचा आणि पिंडेलचा प्रश्न आपण इथे लावून पाहिला तर ती उसनवारी ठरत नाही.

लावून पाहू. मुंबईत १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला. आधुनिक भारतीय कलेचा हा मानबिंदू. संस्थापक सहा, आणि सहाही पुरुष. १९५३ च्या त्यांच्या प्रदर्शनात कोल्हापूरची भानू राजोपाध्ये होती. पुढे ती भानू अथय्या म्हणून वेशभूषेसाठी ऑस्कर घेऊन आली, पण चित्रकर्ती म्हणून तिचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

आता वारली चित्रे पाहा. लग्नाचा चौक लिहिणे हे वारली समाजात सवाशिणींचे काम. भिंत त्यांची, तांदळाचे पीठ त्यांचे, विधी त्यांचा. १९७० च्या दशकात हे चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि बाजारात गेले, तेव्हा जगाने ज्यांना कलाकार म्हणून ओळखले ते जिव्या सोमा म्हसे होते. म्हसे थोर कलाकार होते, आदिवासी माणसाला २०११ साली पद्मश्री मिळाली याचा आनंद आपल्याला आहेच. प्रश्न त्यांना नाही. प्रश्न असा की हीच कला बायका चौकात लिहीत होत्या तोवर ती ‘लोकपरंपरा’ का होती आणि कागदावर येताच ती ‘कलाकाराची’ कशी झाली? पिढ्यानपिढ्या चौक लिहिणाऱ्या त्या सवाशिणींपैकी एकीचे तरी नाव आपल्याला सांगता येते का?

आणि तमाशा. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे नाव मराठी साहित्याच्या इतिहासात ठसठशीत आहे. त्यांच्या फडाचा प्राण असलेल्या, महार समाजातल्या पवळाबाई हिवरगावकर यांचे नाव मात्र बहुतेक वेळा त्यांच्या नावाला लटकूनच येते. मेट्रोपॉलिटनच्या भिंतीवर जे दिसले तेच इथे मंचावर दिसते. देह आत आणि नाव बाहेर. फरक एवढाच की इथे तो देह जातीने नेमून दिलेला असतो. बाबासाहेबांनी तमाशाच्या खेळाचे पैसे घ्यायला नकार दिला, ही आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. तो नकार आपल्या आयाबहिणींच्या शोषणाला होता, असेच मी मानतो. त्या बायकांच्या गळ्यातल्या आणि पायातल्या कलेला तो नव्हता. पण आपण त्या नकाराचा सोयीचा अर्थ लावला आणि त्या कलावंतिणींनाच घराबाहेर ठेवले. सवर्णांनी त्यांना वापरले, आपण त्यांची लाज बाळगली. शैलजा पाईक यांनी तमासगीर दलित स्त्रियांवर २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा गुंता उलगडला आहे. आपल्या तरुणांनी तो वाचायलाच हवा.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, आधी पोटाचे प्रश्न, चित्रांचे नंतर. पण चित्र हा पोटाचाही प्रश्न आहे. गोरिला गर्ल्सनी १९८९ साली एक हिशेब छापला होता. एका गोऱ्या पुरुषाच्या एका चित्राला श्रीमंतांनी १ कोटी ७७ लाख डॉलर मोजले. तेवढ्यात ६७ स्त्रिया आणि गोरेतर कलाकारांचे प्रत्येकी एक तरी काम विकत घेता आले असते. कला म्हणजे मालमत्ता, नोकरी, शिष्यवृत्ती, सरकारी कंत्राट. ती कुणाच्या घरी जाते हा वाटपाचा प्रश्न आहे. दुसरा आक्षेप, जात काढून तुम्ही स्त्रियांत फूट पाडता. हा आक्षेप रिंगगोल्डनेही ऐकला होता. गोपाळ गुरू यांनी १९९५ साली दलित स्त्रियांच्या वेगळ्या आवाजाची मांडणी केली आणि शर्मिला रेगे यांनी १९९८ साली ती पुढे नेली, तेव्हा इथेही हेच ऐकू आले. फूट आधीच आहे. ती दाखवणारा ती पाडत नसतो.

मग करायचे काय? मोजायचे. माहितीचा अधिकार आपल्या हातात आहे. सरकारी कला महाविद्यालयांत प्रवेश कुणाला मिळाले, अध्यापक कोण आहेत, राज्य कला प्रदर्शनाची पारितोषिके कुणाला गेली, मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने गेल्या दहा वर्षांत कुणाची एकल प्रदर्शने भरवली, हे विचारा. प्रवेश आणि नेमणुकांची प्रवर्गनिहाय आकडेवारी सरकारकडे असते. तिच्यात स्त्रियांचा रकाना वेगळा आणि प्रवर्गाचा रकाना वेगळा मागू नका. दोन्ही रकाने एकत्र मागा. अनुसूचित जातीच्या स्त्रिया किती, अनुसूचित जमातीच्या किती, भटक्या-विमुक्तांच्या किती. स्त्रियांच्या बेरजेत सवर्ण स्त्रिया आपल्याला झाकतात आणि दलितांच्या बेरजेत दलित पुरुष. दलित बाई दोन्ही बेरजांत असते आणि दोन्हींत दिसत नाही.

आणि ही मोजणी आपल्या अंगणापासून सुरू करा. चौदा एप्रिलला आपल्या वस्तीत जी चित्रे, जे देखावे, जे फलक लागतात, ते कुणी रंगवले? जलशात गाणाऱ्या बायकांची नावे पत्रिकेत छापली का, की फक्त ‘आणि संच’? जयंती समितीच्या यादीत किती बायका आहेत आणि त्या स्वागत-सत्काराच्या पुढे कुठल्या निर्णयात आहेत? व्हेनिसवर बहिष्कार टाकणाऱ्या त्या पुरोगामी मंडळींसमोर एक काळी बाई आणि तिची अठरा वर्षांची मुलगी यादी घेऊन उभ्या राहिल्या होत्या. उद्या आपल्याच मंडपात एखादी मायलेक तशी यादी घेऊन उभी राहिली, तर तिला ‘आत्ता नको’ असे आपल्या तोंडून ऐकू येऊ नये.

जय भीम!